विकून झाल्यावर मी ‘थांबा’ म्हणालो

आबा,

तुम्हाला आधी शेअर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात पासबुक एकच होतं आणि ते आई गव्हाच्या कोठीत ठेवायची. तर असं समजा, एका बैलाचे लाख हिस्से केले आणि एकेक हिस्सा लोकांनी विकत घेतला. बैल कुणाच्याच गोठ्यात नाही. त्याला कुणी वैरण घालत नाही, त्याचे दात कुणी बघितलेले नाहीत. पण सकाळी बाजार उघडला की दुपारपर्यंत त्याचा भाव मिनिटामिनिटाला बदलतो, आणि लोक तो मोबाईलवर बघत बसतात. तुम्ही म्हणाल, येडे झालाव का रे समदे? झालोत आबा. पूर्णेला स्टेशनसमोरच्या हॉटेलात रोज सकाळी आम्ही चार येडे बसतो.

त्यातला एक मी. तिकीट खिडकीवरून रिटायर झालो तरी गावाच्या लेखी मी अजून बाबूच. दुसरे गार्डसाहेब. मालगाडीवर जन्म गेला, आता चुडाव्याला घर आणि चार एकर शेत. सकाळच्या गाडीनं पूर्णेला येतात, कारण दिवसभर घरी बसलं तर बायको लसूण सोलायला लावते. तिसरे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे सर आणि चौथे खत-बियाण्याच्या दुकानाचे शेठ. आमच्या चौघांकडेही एकाच सरकारी बँकेचे शेअर आहेत. म्हणजे होते. तेच तर सांगायचं आहे, पण तुमच्यासमोर मला कधी एकदम मुद्द्यावर येता आलं नाही, आजही येत नाही.

आमची चर्चा तुम्ही ऐकायला पाहिजे होती. सर सुरुवात करणार ती दिल्लीपासून. सरकार बदललं तर बँकांचं धोरण बदलणार, बँक खासगी होणार की दुसऱ्या बँकेत मिसळणार, असं बोट नाचवत सांगणार. शेठ लगेच परदेशात. तिकडं लढाई पेटली, तेल महागलं, डॉलर वर गेला, आता व्याजदर कुठं जातो बघा. आणि गार्डसाहेब सगळं ऐकून शेवटी एकच विचारणार, “कर्जमाफीचं काय?” कारण निवडणूक आली की दोन्हीकडचे कर्जमाफी देतो म्हणतात, आणि कर्जमाफीचं नाव निघालं की आमचा शेअर घसरतो. गंमत अशी की गार्डसाहेबांचं पीककर्जही त्याच बँकेचं. मी एकदा चिडवायला विचारलं, “साहेब, एक काय ते सांगा. माफी व्हावी का होऊ नाही?” त्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, “व्हावी की. पर आपल्या बँकेला सोडून व्हावी.” शेठला असा ठसका लागला की चहा नाकातून आला.

आता मला ही माणसं का विचारतात? मी काही अभ्यास केलेला नाही. पण तीस वर्षं माणसांनी मला खिडकीतून विचारलंय, गाडी येतीय का, किती लेट हाय, बसू का जाऊ. ह्या गावाला माझ्या तोंडाकडे बघायची सवय लागली आहे. तुम्ही नाही का एकदा माझ्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिला होतात? मी आतून बोलावलं तरी आला नाहीत. नंबर लागल्यावर, “साहेब, एक सेलू द्या,” म्हणालात, मागच्या बाईला काही कळू न देता. मी तुम्हाला गाडी वेळेवर आहे असं सांगितलं. मला माहीत नव्हतं, उगाच सांगितलं. गाडी दोन तासांनी आली आणि तुम्ही फलाटावर बसून राहिलात. संध्याकाळी घरी एवढंच म्हणालात, “ठावं नसलं तर ठावं न्हाई म्हणावं. नौकरी जात न्हाई.” आई भाकरी थापत होती, ती फिसकन हसली आणि मला राग आला.

निकालाचा दिवस सांगतो. मतमोजणी चालू होती आणि हॉटेलवाल्यानं टीव्ही मोठा करून ठेवला होता. आदल्या दिवशी सगळे सांगत होते की सरकार थाटात परत येणार, म्हणून शेअर सर्रकन चढला होता. आणि आता आकडे उलटे यायला लागले. सरांचं राज्यशास्त्र गप्प झालं. शेठ दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून उठून गेले, गिऱ्हाईक कुठलं आलंय! माझा मोबाईल टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली होता. मी टीव्हीकडे बघत होतो आणि अंगठा पेपराखाली चालत होता. पाच मिनिटांत मी माझे सगळे शेअर विकून टाकले. घाबरलो होतो आबा, सरळ सांगतो.

आणि तेवढ्यात गार्डसाहेब माझ्याकडे वळले. नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी म्हणून त्यांनी ते पैसे घातलेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कपबशी हातात धरून ते एकदा टीव्हीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात रात्र रात्र एकटा बसलेला माणूस, त्याला असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “बाबू,” म्हणाले, “तुमी काय करायलाव?” मी म्हणालो, “मी? मी हलत न्हाई. असे लय निकाल पाहिलेत. थांबा.” माझा आवाज एवढा भारदस्त निघाला की माझं मलाच खरं वाटलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली, मोबाईल खिशात घातला आणि थांबले.

मला काही त्यांचं नुकसान करून फायदा करून घ्यायचा नव्हता. पूर्णेतल्या एका माणसानं शेअर ठेवले की विकले, बाजाराला त्याचा पत्ताही लागत नाही. मला फक्त घाबरलेला दिसायचं नव्हतं. मग मी विचार केला की माणूस असं कुठं शिकतो, आणि बैलबाजार आठवला.

तुम्ही जनावरांचे दलाल. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा, वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा. विकणाऱ्याचा भाव घेणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्याचा विकणाऱ्याला नाही, दोन्ही फक्त तुमच्या बोटांना कळायचे. पण आपलं स्वतःचं जनावर बाजारात असलं की त्या दिवशी तुम्ही कुणाचीच दलाली करायचा नाहीत. जनावर दुसऱ्या दलालाच्या हाती द्यायचं आणि आपण लांब लिंबाखाली जाऊन बसायचं. मी वीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा शहाणा. आपला बांडा बैल त्या दिवशी विकायला काढलेला. त्याला खोड अशी की भरली गाडी चढाला लागली की मधेच खाली बसायचा, मग शेपूट पिळा नाहीतर आरती ओवाळा. एक गिऱ्हाईक त्याच्याभोवती फिरत होतं. मी कुणीतरी वाटसरू असल्यासारखा जवळ गेलो आणि म्हणालो, “काय बैल हाय! ह्याला मी गाडीला बघितलंय मामा. रेल्वे हाय, रेल्वे.”

तुम्ही लिंबाखालून उठून आलात. सगळ्या बाजारासमोर त्या माणसाला म्हणालात, “ह्यो बैल माझा हाय. ह्यो पोरगा बी माझाच हाय. बैल चढाला खाली बसतोय आन पोरगा खोटं बोलतोय. दोघांच्या खोडी सांगितल्या, आता बघा तुमी.” तो माणूस डोकं खाजवत म्हणाला, “बैल घेतो. पोरगं तुमालाच ऱ्हाऊ द्या.” बाजार पोट धरून हसला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी जाताना अर्ध्या वाटेत तुम्ही थांबलात. मग म्हणालात, “आपल्या बैलाची तारीफ करायला कोण नको म्हणतंय? माझा हाय म्हणून करायची. लोक त्यातून काय कमी करायचं ते करून घेतेत. तू परका होऊन बोललास.” तेव्हा मला वाटलं होतं की अडाणी माणूस, भाव घालवला. ‘मी विकले, पण तुम्ही थांबा’ एवढं मी निकालाच्या दिवशी म्हणालो असतो, तर गार्डसाहेबांनी त्यातून कमी करायचं ते केलं असतं.

बरं, पुढं काय व्हावं? शेअर पडला, काही दिवस पडून राहिला, आणि मग चढत चढत आधीपेक्षाही वर गेला. गार्डसाहेब पेढे घेऊन आले! “बाबूंच्या जुबानीवर थांबलो म्हणून वाचलो,” असं हॉटेलभर सांगत सुटले. सर म्हणाले, बाबूंना राजकारणाची नाडी कळते. शेठनंही मान डोलावली. मी स्वस्तात विकून बसलेला माणूस, माझ्याजवळ त्या बँकेचा एक कागद नाही, आणि मी पेढे खाल्ले. दोन खाल्ले. तेव्हापासून कुणीही विचारावं, बाबू, युद्ध थांबलं तर काय, व्याज कमी झालं तर काय, आणि मी मान तिरकी करून उत्तर द्यावं. नुकसान झालं असतं तर एखादे दिवशी बोलून मोकळा झालो असतो. फायद्यानं माझं तोंड शिवलं.

आता परत वातावरण ढगाळ आहे. परदेशात काहीतरी पेटलंय, इथं परत कर्जमाफीची बोली चालू आहे, शेअर खाली आलाय. आणि गार्डसाहेबांनी ठरवलं, फंडाचे उरलेले सगळे पैसे घालायचे. मागच्या रविवारी मला चुडाव्याला जेवायला बोलावलं. वहिनी चुलीपाशी भाकरी करत होत्या, आम्ही समोर पाटावर बसलो होतो. पहिला घास तोंडात घातला आणि त्यांनी परातीतून हात न काढता सरळ विचारलं, “भाऊजी, हे तुमच्या भरवशावर टाकायलेत. उद्या आमा दोघाला दवाखाना लागला तर हेच पैसे हायेत. तुमी तुमचे टाकायलाव का?”

गार्डसाहेब हसत होते, “विचार, विचार त्यांना.” मी ताटाकडे बघत म्हणालो, “वहिनी, टाकू नका. मी त्या निकालाच्या दिवशी विकले होते. ह्यांना थांबा म्हणालो तवा माझे विकून झाले होते.” गार्डसाहेबांना आधी ती चेष्टा वाटली. मग त्यांचं हसू उतरत गेलं. “मंग मी कुणाच्या भरवशावर बसलो होतो?” हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच विचारलं. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “झालं का समाधान? पैसे हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. भाऊजी, जेवा तुमी.” त्या भाकरीएवढी जड भाकरी मी जन्मात खाल्ली नाही. एरवी गार्डसाहेब मला स्टेशनपर्यंत सोडायला येतात, त्या दिवशी दारातूनच हात केला.

तीन दिवस ते पूर्णेला आले नाहीत. सर आणि शेठ विचारत राहिले, मी म्हणालो तब्येत बरी नसेल. हे परत खोटं, पण ह्याचा हिशेब तुम्ही धरू नका. चौथ्या दिवशी गाडीतून उतरले, हॉटेलात आले, माझ्याच शेजारी बसले आणि दोन चहा सांगितले. मला एवढं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं, चष्मा पुसायचं निमित्त केलं. चहा आला, दोघांनी प्यायला. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “जाऊ द्या बाबू. भीती कुणाला वाटत न्हाई? अर्धे इकले आन अर्धे ठेवले, म्हंजे तुमचा बी भरवसा व्हताच की. मी घरी हेच सांगितलं.”

कारण आबा, त्या दिवशी चुलीसमोर माझ्या तोंडून ‘विकले होते’ निघालं, त्यांचं हसू उतरताना मला बघवेना, आणि मी पुढं जोडलं होतं, “सगळे न्हाई, अर्धे.” वर लिहिताना हे मी तुमच्यापासूनही लपवलं. अर्धे नव्हते. एकही ठेवला नव्हता.