निळ्या पिकअपचा खालचा झरोका

मी, आइला मार्जरी कोस्केला, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार टॅमरॅक फ्लॅट गाव, पश्चिम मोंटाना, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. तो लिहायला मला कोणी सांगितलेले नाही आणि कोणी भरीसही घातलेले नाही. औषधांमुळे दुपारी ग्लानी येते, म्हणून मी सकाळी कॉफीनंतर आणि गोळीच्या आधी लिहिते. तेवढा वेळ माझी बुद्धी माझ्याच ताब्यात असते. स्वादुपिंडाच्या आजाराबद्दल डॉक्टर आधी "वसंतापर्यंत" म्हणत होते. हल्ली ते वसंताचे नाव काढत नाहीत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात बावीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे फायलींना लावली. निदान या कागदावर तरी माणसे खरे लिहीत असतील, असा माझा समज होता. स्वतः लिहायला बसल्यावर पहिले दोन मसुदे मला फाडावे लागले.

१. माझे घर, मागची अर्धा एकर जमीन आणि तिच्यावरची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली, माझा धाकटा आणि एकुलता भाऊ डॅरेल टॉइव्हो कोस्केला, राहणार स्पोकेन, याला मिळावी. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. मात्र घेणाऱ्याला सौनातल्या हवेच्या झरोक्यांत बसवलेल्या दोन खुंट्या दाखवाव्यात, एक चुलीमागे जमिनीलगतची आणि एक छताजवळची. सौना आमच्या वडिलांनी बांधली. ते सांगत, "हवा खालून येते, वरून जाते. शेवटी निघेल त्याने दोन्ही खुंट्या काढायच्या." खोली वाळायला हवी, आणि पुढच्या माणसाला कोंदट हवेत बसावे लागू नये, म्हणून हा नियम. जो विसरेल त्याला दुसऱ्या दिवशी लाकडे फोडावी लागत. डॅरेलने पुष्कळ लाकडे फोडली. मी कधी विसरत नसे, आणि घरात तसा माझा लौकिक होता.

२. बँकेत जे काही असेल ते, माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवून, गावच्या अग्निशमन दलाला द्यावे. अंत्यविधीला भाषणे नकोत. कॉफी मात्र कडक करावी.

३. माझी चुलतबहीण व्हर्ना हिला काहीही देऊ नये, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. वडिलांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात, हातात केकची बशी घेऊन, ती डॅरेलच्या मागे उभी राहून म्हणाली होती, "इतकी वर्षं सुतारकी केली, आणि एक भोक धड पाडता आलं नाही." डॅरेलने ते ऐकले. मीही ऐकले. त्या वेळी मी तिच्याच कपात कॉफी ओतत होते आणि मी ओतत राहिले. अकरा वर्षे मी तिच्याशी धड बोललेले नाही. पण तिला जेवढे ठाऊक होते तेवढे ती बोलली. मला जास्त ठाऊक होते आणि मी गप्प बसले. तेव्हा आईचा निळ्या फुलांचा कॉफीचा संच व्हर्नाला द्यावा. एका कपाचा कान तुटलेला आहे, तो तसाच द्यावा. एवढा राग मी ठेवते.

४. शेडमधली हत्यारे. रंधा, पटाशा, ड्रिल, दोन मेजर टेप, खिळ्यांचे डबे आणि दारामागच्या खिळ्यावर टांगलेली जिगसॉ, म्हणजे पायऱ्यांच्या फळ्या कापायची विजेची करवत, पिवळ्या पेटीतल्या पात्यांसह. हे सगळे मुळात डॅरेलचेच. वडील गेले त्या हिवाळ्यात त्याने ते माझ्या शेडमध्ये आणून टाकले आणि म्हणाला, "ठेव किंवा वीक. माझ्या मापावर माझा भरवसा नाही." त्याच्या घराचा जिना तेव्हा सातव्या पायरीवर थांबला होता. अजून तो तिथेच आहे. वरच्या खोलीत जायला शिडी लावतात. तो हल्ली टायरच्या गोदामात काम करतो. दर वसंतात मी हत्यारांना तेल लावले आहे. ती त्याला परत मिळावीत.

५. निळी पिकअप, १९९४ सालची, तिच्या हौद्यावर बसवलेल्या टपासह, डॅरेलला मिळावी. ती मी महिन्यातून एकदा चालू करून बंद करते. तिच्यात वडील गेल्यापासून कोणी झोपलेले नाही.

तिच्यात काय काय आहे आणि ते कोणी केले, याची यादी इथे देते, कारण वडिलांच्या मृत्यूवरच्या काउंटीच्या अहवालात ती नव्हती.

आई गेल्यावर वडिलांचे गुडघे तंबूत वाकेनासे झाले, पण एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामात डोंगरात जायचे ते काही सोडणार नव्हते. २०१३च्या सप्टेंबरात डॅरेलने एका शेतकऱ्याच्या अंगणातून हा जुना फायबरचा टप उचलून आणला. त्याच्या आत कोंबड्यांचे खुराडे होते. धुण्यात दोन रविवार गेले. भिंतींना आतून फोमचे पत्रे आणि वर देवदाराच्या पातळ पट्ट्या बसवल्या, त्या डॅरेलने. प्लायवूडचा पलंग आणि त्याखाली दोन लांब खण डॅरेलने केले. डाव्यात भांडी, उजव्यात काडतुसे आणि लोकरी मोजे. मागचा फाळका पाडला की त्याच्यावर उघडणारे घडीचे टेबल वडिलांनी केले. ते एका बाजूला कलते आणि त्यावर ठेवलेली अंडी घरंगळतात. मी आईच्या पडद्यांचे पडदे शिवले, आणि फाळक्याच्या फटीला धूळ येऊ नये म्हणून सगळीकडून रबरी पट्टी चिकटवली. पट्टी मी फार नीट चिकटवली. वडील म्हणाले, "आइला, यात आता पाणी भर आणि मासे सोड."

म्हणूनच डॅरेलने दोन झरोके केले. एक टपाच्या छतात. दुसरा हौद्याच्या तळात, डाव्या खणामागे, साडेतीन इंचांचा, खालून पितळी जाळी लावलेला. वडिलांनी विचारले, "याला खुंटी नाही केलीस?"

डॅरेल म्हणाला, "खुंटी असली की कोणीतरी लावतं, बाबा. तुम्ही आत गॅसचा हीटर पेटवणार. हा झरोका बंदच होणार नाही असा ठेवलाय."

६. आता मी जे अकरा वर्षे कोणालाही सांगितले नाही, ते लिहिते.

ऑक्टोबरच्या शेवटी वडिलांना गाडी देण्याआधी ती पारखून बघावी म्हणून मी एकटी तळ्यावर गेले आणि एक रात्र तिच्यात झोपले. पायांना खालून वारा लागत होता. गादी कापून उरलेल्या फोमचा एक तुकडा होता. तो मी कात्रीने गोल कापला, डावा खण काढला, आणि तुकडा झरोक्यात बसवला. तो घट्ट बसला. हीटर मी पेटवला नव्हता. सकाळी कार्यालयात पोचायची घाई होती. खण लावला आणि निघाले.

शेवटी निघणारी मी होते.

पुढच्या शुक्रवारी वडील डोंगरात गेले. त्यांचा शिकारीचा जोडीदार ऑर्व्हिल ट्रॅपनेल शेजारच्या तंबूत होता. दुसऱ्या रात्री आठ इंच बर्फ पडले आणि छतातला झरोका झाकला गेला; आत हीटर पेटलेला होता. सकाळी ऑर्व्हिलने फाळका उघडला. फोन लागेल अशा उंचीवर जाऊन त्यांनी आधी मला कळवले, मग काउंटीला. माझे घर जवळचे, म्हणून मी तासभर आधी पोचले. अधिकाऱ्यांना वाट दाखवायला ऑर्व्हिल रस्त्यावर उभे होते. मी आत गेले. वडील भिंतीकडे तोंड करून निजलेले होते. मी डावा खण ओढून बाहेर टाकला, हात घातला आणि तो तुकडा उपसून काढला.

त्या वेळी मला काही लपवायचे होते का, हे मी स्वतःला हजारदा विचारले आहे. जेवढे आठवते तेवढे असे: त्यांना हवा मिळावी म्हणून मी तो काढला. त्यांचा हात मी आधी धरून पाहिला होता आणि तो गार होता, तरीही. मग तुकडा कोटाच्या खिशात गेला. अधिकाऱ्याने विचारले, "तुम्ही कशाला हात लावलात का?" मी म्हणाले, "त्यांच्या हाताला." खिशात घालताना मी मुलगी होते असे धरले, तरी हे उत्तर देताना मी काय करते आहे ते मला कळत होते.

त्या दिवशीच्या डायरीत फक्त दोन वाक्ये आहेत: "बाबा गेले. बर्फ." मी रोज पानभर लिहिणारी बाई आहे.

अहवालात लिहिले गेले की वरचा झरोका बर्फाने झाकला होता आणि खालचा अपुरा पडला असावा. समोर जे दिसले त्यावरून त्यांनी ते लिहिले, आणि त्यांना काय दिसावे ते मी ठरवले होते. डॅरेलने तो अहवाल घडी करून पाकिटात ठेवला. बहुधा अजूनही असेल.

दोन हिवाळ्यांनंतर मी विषारी वायूची सूचना देणारे यंत्र आणले. दिवसाउजेडी शेडबाहेर गाडी उभी करून छतावर फावड्याने बर्फ टाकले, फाळका लावला, आत तोच हीटर पेटवला आणि काचेतून बघत राहिले. खालचा झरोका उघडा होता. सहा तास यंत्र वाजले नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच तुकडा लावला. यंत्र पन्नासाव्या मिनिटाला वाजले. तारखा, वेळा आणि तापमान हिरव्या वहीत आहे.

म्हणजे डॅरेलचे माप बरोबर होते. झरोका पुरेसा होता. त्याला हे सांगायला माझ्याकडे अकरा वर्षांत दर रविवारचा फोन होता. सुरुवातीला मी म्हणायचे, तो सावरला की सांगेन. नंतर म्हणायचे, आता तो सावरत आला आहे, पुन्हा कशाला. दोन्ही वेळा मी स्वतःचीच काळजी घेत होते.

तो तुकडा तपकिरी लिफाफ्यात या कागदाला जोडला आहे. तो आणि हिरवी वही डॅरेलला द्यावी.

७. बाकीच्या डायऱ्या सौनाच्या चुलीत घालाव्यात. जो घालेल त्याने नंतर खुंट्या काढाव्यात.

आइला मा. कोस्केला
टॅमरॅक फ्लॅट, ३ ऑक्टोबर २०२४

पुरवणी

साक्षीदार म्हणून सही करायला ऑर्व्हिल आले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण कलम सहा मी त्यांना वाचायला दिले, कारण त्यात त्यांचे नाव आहे. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. ते बोट ठेवून वाचत होते. वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले.

"डॅरेलला हे कधी कळणार?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र वाचतात तेव्हा."

"मग पोरी, तो भांडणार कुणाशी? माझ्याशी? मला ऐकू येत नाही. व्हर्नाशी? तिला तर तू कपबशा देऊन बसलीस." त्यांनी पेन टेबलावर ठेवले. "त्याला बोलाव. मग मी सही करतो."

"माझ्याच्यानं होणार नाही, ऑर्व्हिल."

"फाळका मी उघडला होता, आइला. तेव्हा मलाही वाटलं होतं, माझ्याच्यानं होणार नाही."

एक सही हवी आहे एवढेच सांगून मी शनिवारी डॅरेलला बोलावले. तो चार तास गाडी चालवत आला आणि दारातच म्हणाला, "किती वाळलीस गं. आणि सही कशावर हवीये? फोनवर काही धड सांगत नाहीस."

"आधी वाच."

त्याने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले. सहावे कलम दोनदा वाचले. लिफाफा उघडून आत बघितले, बोट लावले नाही.

"अकरा वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"मी जिना अर्धा टाकला तेव्हा तू म्हणालीस, घाई नाही, आराम कर."

"म्हणाले होते."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

मला भरून आले, ते त्याने पाहिले. "रडू नकोस," तो म्हणाला. "तू रडलीस तर मला तुला जवळ घ्यावं लागेल. आणि मला ते आत्ता करायचं नाहीये."

मी रडले नाही. तो शेडकडे गेला. मी खिडकीतून बघत होते. तो गाडीखाली पाठीवर सरकला, फक्त बूट बाहेर राहिले. मेजर टेप ओढल्याचा आवाज आला, मग ती परत आत सुटल्याचा. मग पुन्हा ओढल्याचा.

परत आला तेव्हा त्याच्या कोपरांना माती होती. तो आत आला नाही. दारातून म्हणाला, "गोळी घेतलीस का?"

"नाही. तू येणार म्हणून थांबले."

"घे."

आणि तो गेला. पुढच्या रविवारी फोन करेन, असे म्हणाला नाही. करणार नाही, असेही म्हणाला नाही. लिफाफा टेबलावरच राहिला.

त्याची गाडी वळणापार गेल्यावर मी काठी घेऊन शेडमध्ये गेले. पिकअपचा फाळका पाडलेला होता. डावा खण बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. तो तसाच ठेवावा. कोणी परत लावू नये.

शेडमधला माल मी पुन्हा तपासला आणि त्यानुसार हा बदल करते: दारामागचा खिळा रिकामा आहे. पिवळी पेटीही नाही. कलम चारमधील जिगसॉ आणि तिची पाती आता माझ्या ताब्यात नाहीत, म्हणून ती या मृत्युपत्रातून वगळावीत. बाकी सर्व कलमे वरीलप्रमाणे कायम.

आइला मा. कोस्केला
टॅमरॅक फ्लॅट, शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

मूळ कागद आणि पुरवणी या दोन्हींवर आइला कोस्केला यांनी आमच्या डोळ्यांसमोर, सकाळच्या वेळी, पूर्ण जाणिवेने सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार: ऑर्व्हिल ट्रॅपनेल, टॅमरॅक फ्लॅट
साक्षीदार: मेरिबेथ स्टॅन्चफील्ड, नोंदणी कार्यालय
सह्यांची तारीख: १४ ऑक्टोबर २०२४