आईचा षड्ज भिंतीवर

११ जानेवारी

आई आज माझ्या कलेला 'स्क्रीनसेव्हर' म्हणाली. चहा गाळता गाळता, मागे वळूनसुद्धा न बघता.

झालं असं — काल अंधेरीला किरणच्या कार्यक्रमात मी व्हिज्युअल्स केली. किरण माझ्या ऑफिसातली. आठवडाभर विम्याचे दावे नाकारते, शनिवारी डीजे होते. ती गाणी वाजवते, मी कोपऱ्यात टॅब्लेट घेऊन डबे जोडत बसते. ॲपमध्ये त्यांना मॉड्यूल म्हणतात, मी डबेच म्हणते. एका डब्यात आवाज घ्यायचा, दुसऱ्यात तो मोजायचा, मग बोटानं वायर ओढून तो आकाराला नाहीतर रंगाला लावायचा. बासचा दणका आला की मागच्या भिंतीवर जांभळं काहीतरी फुगतं, आणि खालची माणसं खूश होऊन हात वर करतात. मी चौतिशीची बाई आहे आणि मी जांभळं फुगवते.

काल मात्र झकास फुगलं होतं. म्हणून सकाळी मोठ्या हौसेनं आईला व्हिडिओ दाखवला. चूक माझीच.

मुलुंडात आईचा, म्हणजे वसुधाताईंचा गाण्याचा क्लास कोणाला माहीत नाही? त्यांची एकुलती एक मुलगी, नाव ठेवलं स्वरदा, आणि तिनं दहावीत गाणं सोडलं. देवाला विनोद कळतो.

१३ जानेवारी

आई दिवसभर टोचून काही बोलली नाही. हिला नक्की काहीतरी हवंय.

१४ जानेवारी

हवंच होतं. तिळाचा लाडू हातावर ठेवला आणि म्हणाली, क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तुझं ते हलणारं लावशील का?

मला लाडवाचा ठसका लागला.

फेब्रुवारीत हॉल घेतलाय. तिथे मागे मोठा स्क्रीन आहे. गेल्या वर्षी मुली यमन गात होत्या आणि मागे गाद्यांची जाहिरात चालू होती, कारण आमच्या सोसायटीचे जयवंतकाका सगळी व्यवस्था बघतात आणि त्यांना ती बंद करता आली नाही. तसं परत नको, असं आईचं म्हणणं. इथवर ठीक. पण तिची एक अटही होती — रंगबिंग नकोत, आवाज किती मोठा तेही नको. सूर दिसला पाहिजे. लागला तर लागलेला, नाही लागला तर नाही लागलेला.

मी म्हटलं, जमेल. जमेल की नाही माहीत नव्हतं. पण आईनं माझ्याकडे काहीतरी मागितलं, हेच बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा होत होतं.

१८ जानेवारी

जमलं! एकच वर्तुळ, काळ्या पडद्यावर पांढरं. सा बरोबर लागला की पुरीसारखं गोल आणि स्थिर. सुटला की कडा थरथरतात. अजून सुटला की कडेनं फाटलेली भाकरी.

घरातल्या सगळ्यांची परीक्षा घेतली. इलेक्ट्रॉनिक तानपुरा — गोल. दाराची बेल — भाकरी. कुकरची शिट्टी सुरुवातीला भाकरी, मग एकदम गोल. आमचा कुकर काळी चारमध्ये, म्हणजे आईच्याच पट्टीत गातो. क्लासची जान्हवी शिकवणीला आली होती, तिच्याकडून सा लावून घेतला. गोल. ही आईची सगळ्यात जुनी शिष्या. तिला भारी आनंद झाला, परत परत लावत बसली.

मग आईनं लावला.

भाकरी.

मी म्हटलं, पंखा बंद करा. पंखा बंद केला. भाकरी. माइक बदलला. भाकरी. आई म्हणाली, असू दे, होईल तुझं हळूहळू. जान्हवीनं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

२१ जानेवारी

सगळे डबे उचकटून परत जोडले. काही चुकलेलं नाही.

२३ जानेवारी

ॲपची चूक नाही. आई आत गात होती, मी दाराबाहेर टॅब्लेट धरून उभी. सुरुवातीला सुरेख गोल. मग ती षड्जावर थांबते आणि तो खाली सरकत जातो. अगदी थोडा. मला नुसत्या कानानं कळला नसता — मी गाणं सोडलेली बाई. पण कडा हलताना दिसतात ना.

माझी आई. जिनं मला पाचवीत असताना 'हॅपी बर्थडे' बेसूर म्हटलं म्हणून केक कापू दिला नव्हता.

जान्हवीला फोन केला. तिला माहीत होतं. सगळ्या मोठ्या मुलींना माहीत आहे, दिवाळीपासून. गळा आता थकला असेल, असं आपसात बोलतात. ताईंना सांगायचं कोणी, हा प्रश्न. जान्हवी म्हणाली, तू मुलगी आहेस. मी म्हटलं, तू शिष्या आहेस. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींना नाती सांगत बसलो.

२५ जानेवारी

एक डबा असतो. आत काहीही वेडंवाकडं आलं तरी बाहेर गुळगुळीत करून सोडतो. माइक आणि वर्तुळाच्या मधे तो बसवला.

आता आई काहीही गाऊ दे. वर्तुळ पुरीसारखं.

सांगणार नाही कोणाला. हॉलभर लोकांसमोर आईची भाकरी करायची नाहीये मला.

१ फेब्रुवारी

हॉलमध्ये तालीम. जयवंतकाकांनी स्क्रीन लावून दिला आणि यंदा गादीवाल्यांना आधीच 'नाय' सांगितलंय असं चार वेळा ऐकवलं.

आई बसली. सा लावला. वर्तुळ गोल. मुली एकदम मोकळ्या झाल्या, जान्हवीनं माझ्याकडे बघून हात जोडले. मी अंगठा दाखवला. मग आई मान वळवून स्क्रीनकडे बघत गात राहिली. आणि मधेच तिनं सूर सोडला. चक्क सोडला — घसरगुंडीवरून मूल सोडावं तसा. मुलींनी माना खाली घातल्या.

वर्तुळ गोलच.

आईनं माझ्याकडे बघितलं. पुढचं गायला घेतलं.

घरी येईपर्यंत रिक्षात ती फक्त रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलली. वाट लागली आहे माझी.

२ फेब्रुवारी

ऑफिसातून आले तर आई वाल सोलत बसली होती. मला समोर बसायला सांगितलं. मीही सोलायला घेतले.

"काल मी मुद्दाम सुटले," ती म्हणाली. "पार खालच्या निषादाच्या दारात गेले. तुझं वर्तुळ जागचं हललं नाही."

मी म्हटलं, तशी सोय असते ॲपमध्ये.

"कोणाची सोय?"

मी पुढचा वाल उचलला. मग तीच बोलली. दिवाळीपासून मुली एकमेकींकडे बघतात. ती गात असते, तिला काहीच खटकत नाही, आणि त्या बघतात. घरी येऊन ती परत गाऊन बघते, तरी काही खटकत नाही. याची तिला भीती वाटायला लागली. विचारलं तर मुली 'छान, ताई' म्हणतात. एवढी वर्षं धाकात ठेवल्याचं फळ, असं स्वतःच म्हणाली.

"मला वाटलं, यंत्र सांगेल. यंत्र मला घाबरत नाही." हातातला वाल तिनं टोपात टाकला. "तू त्यालाही शिकवून ठेवलंस."

किरणसमोर, साहेबासमोर, कोणासमोरही माझी जीभ चालते. इथे आधी हातातला वाल सोलून संपवला. शेवटी सांगितलं — खाली जातो, आई. षड्जावर थांबलीस की. तिनं विचारलं, किती? मी दोन बोटांत वालाएवढं अंतर धरून दाखवलं. तिनं माझ्या बोटांकडे नीट बघितलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघावा तसं.

मग म्हणाली, तो डबा काढ.

"आई, हॉलभर दिसेल."

"दिसू दे. ऐकू तर येतंच आहे सगळ्यांना."

३ फेब्रुवारी

डबा काढला. रडले थोडी. टॅब्लेटवर पाणी पडलं की ॲप भलतीच बटणं दाबतं, म्हणून आवरलं.

८ फेब्रुवारी

कार्यक्रम झाला.

मुलींचं सगळं गोल-गोल पार पडलं. शेवटी आई. भूप. पहिले काही श्वास छान. मग षड्जावर थांबली आणि मागे बारा फुटांची भाकरी. कडा लपलपत होत्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, हे फार कलात्मक आहे. मी टेबलाखाली मांडीला चिमटे काढत होते. एक वायर ओढली असती तर सगळं झाकलं गेलं असतं. बोट दोनदा तिथवर गेलं.

आई थांबली. लोकांकडे पाठ करून, बैठकीवरच ती पूर्ण मागे वळली. आता तोंड स्क्रीनकडे. तानपुरा चालू. तबलजी माझ्याकडे बघतोय, मी जान्हवीकडे.

तिनं सा लावला. भाकरी. तसाच धरून ठेवला, जरा वर घेतला. कडा हलल्या. आणखी जरासा. थरथर कमी झाली. आणि मग ते वर्तुळ आपोआप मिटत गेल्यासारखं गोल झालं, आणि राहिलं. आईचा श्वास संपेपर्यंत राहिलं.

उरलेला भूप ती तशीच गायली, लोकांकडे पाठ करून. शेवटी टाळ्या थांबेनात. ही सगळी आधी बसवलेली करामत आहे, अशीच लोकांची समजूत. जयवंतकाका येऊन म्हणाले, "माका कायएक कळूक नाय, पण बरां दिसलां."

आईनं माझ्यासमोर येऊन फक्त घाम पुसला आणि विचारलं, घशाचा डॉक्टर कुठला चांगला?

९ फेब्रुवारी

घाटकोपरचा डॉक्टर. गुरुवारची वेळ मिळाली. आई दिवसभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय आणि त्यासुद्धा सुरात करायचा प्रयत्न करतेय.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, गळा उत्तम आहे, पंचविशीतल्या मुलीसारखा. मग त्यांनी आईला काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. कान गेलेत. डावा बराच, उजवा त्याच्या मागोमाग. एकच सूर तिला दोन्हीकडून वेगवेगळा ऐकू येतो.

रिक्षात बसल्यावर तिचा हात धरला. ती बाहेर बघत राहिली. सिग्नलला म्हणाली, "तुझा टॅब्लेट उद्यापासून सकाळी मला लागेल. रियाजाला."