विहिरीवरचा फेस

६ मार्च २०१६

आजही फेस! पोहरा वर ओढला तर काठाला पांढरी झालर. शेजारच्या फकिराची मेंढरं डोणीपाशी आली, नाकं लावली अन् मागं फिरली. फकिरा म्हणाला, "जनावराला कळतंय आप्पा, आपल्यालाच कळंना."

कळतं. पण हर्सूलच्या पुढं आमच्या वस्तीला दुसरं पाणी आहे कुठं? वरच्या अंगाला सोसायट्या उठल्या. त्यांचं सांडपाणी ओढ्यात, अन् ओढा विहिरीला घासून. कचेरीतले साहेब हसले — "फेस दुधालाही येतो, बाबा. पुरावा आणा."

९ मार्च

नातीला फोन केला. सोनिया विद्यापीठात रसायनाचं संशोधन करते. म्हणाली, पुरावा मिळतो! साबणात मळ सोडवणारं जे द्रव्य असतं ते सर्फॅक्टंट. फेस विरला तरी ते पाण्यात उरतं, मातीला चिकटून बसतं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र रेणूंचं वजन करून त्याला ओळखतं.

रेणूचं वजन! मला आमचे मोतीराम गुरुजी आठवले. कविता म्हणताना छडी टेबलावर हळूच वाजवायचे — लघु, गुरू, लघु. "शब्दालाबी वजन असतंय, पोरांनो." माझा जन्म छावणीच्या पोस्टात पार्सलं तोलण्यात गेला. पण खरं वजन तेच, शाळेतलं.

१३ मार्च

सोनिया काल मुक्कामाला आली. काचेच्या बाटल्या घेऊन. आज सकाळी विहिरीचं पाणी भरलं. एका बाटलीत मात्र प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी.

"ही कशाला गं?"

"ही पहारेकरी, आप्पा. हिच्यात काही निघालं तर चूक आपली."

हुशार पोर!

२ एप्रिल

यंत्रापुढं लोकांच्या नमुन्यांची रांग आहे म्हणे. इकडं पाणी इतकं खाली गेलंय की डोकावलं तर आपलं तोंड दिसत नाही.

७ एप्रिल

सोनियाचा फोन. आवाज पडलेला. पहारेकरी बाटलीतच साबण निघाला! सगळे नमुने बाद.

घरात विचारलं. बायको, बानाबाई, चुलीपुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय, म्या घासल्या. आली त्या राती पोरगी झोपली व्हती, बाटल्या रिकाम्याच व्हत्या. पावडर लावून लख्ख केल्या, वाळवल्या, परत जाग्यावर ठिवल्या. साहेबापुढं जायाच्या बाटल्या, तशाच द्यायच्या? पाहुण्याला न घासता तांब्या देता का तुमी कधी?"

मग हळूच — "माज्या आंगुळीच्या पाण्यातनं घासल्या वो."

संध्याकाळी ती जेवली नाही. मीही नाही.

१७ एप्रिल

सोनिया नव्या बाटल्या घेऊन आली, तर विहिरीत पाणीच नाही! तळाला नुसता गाळ. फकिरा दोर धरून उतरला. खालून ओरडला, "आता चिखल तोलतीस व्हय गं?"

"चिखलाच्या पोटात सगळं राहतंय, काका! भरा तुम्ही!"

ओढ्याकाठची मातीही घेतली. बानाबाई हात पदरात गुंडाळून लांब उभी. बाटल्यांना शिवली नाही. एक बाटली उरली, ती सोनियानं झाकणासकट फळीवर ठेवून दिली.

४ मे

निघालं! विहिरीच्या गाळात अन् ओढ्याच्या मातीत, दोन्हीकडं एकच साबण. पहारेकरी बाटली या वेळी कोरी. सोनियानं आलेख दाखवला. उंच उंच टोकं, अन् दर दोन टोकांत अंतर सारखंच. रेणूला एकसारखे मणी जोडत गेले की असं होतं, म्हणाली. मी बोटानं टेबलावर ठेका धरला. हुबेहूब गुरुजींची छडी! इतकं देखणं — अन् ते आमच्या विहिरीत.

"जिंकलो, आप्पा!" सोनिया म्हणाली. बानाबाईनं तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. महिन्यानं हसली ती.

१२ मे

साहेबांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. हसले नाहीत. "तुमचं खरं आहे, बाबा," म्हणाले. अन् हुकूम काढला — पाणी पिण्यास अयोग्य, विहीर बुजवावी. वस्तीला टँकर मिळेल.

"अन् सांडपाणी?"

"ते लई मोठं काम आहे. शहर वाढतंय."

सोनिया भांडली. मग जिन्यात बसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा. दुसरं काय करता येतं मला?

१६ मे

मुरमाचे ट्रक आले. दुपारपर्यंत विहीर जमिनीला मिळाली. फकिरा मेंढरं घेऊन सोयगावकडं निघाला, सोयऱ्यांकडं. "येतो, आप्पा," म्हणाला. कधी, ते मी विचारलं नाही.

विहिरीच्या जागी बसून चौथीतली ओढ्याची कविता म्हणायला लागलो. दुसरी ओळ आठवेना. आजवर असं कधी झालं नव्हतं.

१९ मे

टँकर आला. बानाबाईनं पहिली कळशी भरली. काठाला पांढरी झालर.

तिनं कळशी खाली ठेवली. घरात गेली, फळीवरची बाटली आणली, पाइपाखाली धरून भरली, झाकण घट्ट लावलं अन् माझ्या हातात दिली.

"पोरीला द्या. घासली नाय."