डेकच्या कोपऱ्यातला डाग

४ मार्च
आले बाई एकदाची लेकाच्या घरी, कायमची! चिरंजीव स्वतः घ्यायला आले, सूनबाईनं खोली छान लावून ठेवलीय. मागच्या दाराला ऐसपैस डेक आहे, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा. दिसायला लाकडी, पण निम्मं प्लास्टिक; कधी कुजत नाही म्हणे. मला मात्र फळ्यांवर काळी बुरशी दिसलीच. सांगून टाकलं, हे काम माझं. बसून खायची सवय नाही मला.

६ मार्च
सूनबाईनं बजावलं, मऊ ब्रश, साबणाचं पाणी आणि हातमोजे. जोर लावू नका. मी मान डोलावली आणि ती कामावर गेल्यावर तारेचा ब्रश काढला. चाळीस वर्षं उघड्या हातांनी भांडी घासली, आता मोज्यांचे नखरे कोण करणार? दुपारपर्यंत अर्धा डेक लख्ख! लेक फोनवर बोलत त्यावरून चालत गेला. छान झालंय, एवढंसुद्धा म्हणाला नाही.

९ मार्च
तारेच्या ओरखड्यांत बुरशी परत आली, आधीपेक्षा दाट. शेजारी आलेल्या सफाईवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बुरशी फळीला खात नाही, वर पडलेलं खाते: पाचोळा, धूळ, माणसाच्या अंगाची सालपटं. तारेनं खरवडून तुम्हीच तिला घर करून दिलंत. सूनबाईला सांगणार नाही. तिचे टोमणे कोण ऐकणार?

१२ मार्च
नखांखाली काळं. निघत नाही. तळव्यांवर ठिपके. लेकाला हात दाखवले; नजर न उचलता, बघू म्हणाला. रात्री सूनबाई माझं ताट मांडायलाच विसरली. मीच उठून घेतलं. फार लागलं मनाला.

१५ मार्च
कोपरापर्यंत काळं. दुखत नाही, त्याचीच भीती वाटते. घरात जीव गुदमरतो, ही वही घेऊन ओल्या फळ्यांवर बसलं की बरं वाटतं. दोघं मला वळसा घालून जातात, वाटेतल्या खुर्चीला घालावा तसा.

१७ मार्च
पाय फळीला चिकटलेत. हाका मारते, आवाज फुटत नाही. लेक दारात उभा राहून त्याच्या ताईला फोनवर सांगत होता, आई रुसून कुठेतरी गेलीय, येईल दोन दिवसांत. अरे मेल्या, तुझ्या पायाशी आहे मी!

१८ मार्च
कुणी शोधलं नाही. सूनबाई माझ्यावर वाकली — वाटलं, ओळखलं! तिनं नाक दाबलं. म्हणाली, केवढा डाग पडलाय कोपऱ्यात, आईंना एक काम धड —
एकच बोट चालतंय, त्यानंच लिहितेय.

१९ मार्च
सफाईवाला आलाय. जोराच्या पाण्याचं मशीन. लेकानं स्वतः नळी जोडून दिली — माझ्यासाठी कधी एवढा वेळ —
पलीकडून सुरू केलंय. एकेक फळी —
थांबव रे बाळा. डाग नाही हा. तुझी आ