जबडा माझा, बदनामी दादाची

स्नेहलतागंज, इंदूर
दि. १५ जानेवारी २०२६

आ. मंजुळाआत्यास,
संबोधीचा स. जयभीम. वि. वि.

फोन करावा तर माझं तोंड उघडत नाही आणि मेसेज करावा तर तुझा फोन बटणांचा. हिंदी मिडियममध्ये शिकणाऱ्या भाचीचं मराठी बिघडू नये म्हणून तू दर महिन्याला पत्र लिहायला लावायचीस आणि लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचीस. ती शिक्षा आज कामाला आली.

आत्या, मी तुझ्यावर रागावले आहे. ऑपरेशनला तेरा दिवस झाले. महूहून इथे यायला तासाभराची बस, आणि तू आली नाहीस. तुझा लेक पंचशीलदादा तर कमालच. आदल्या दिवशी त्यानेच मला मोटरसायकलवरून दवाखान्यात सोडलं, फाईल हातात दिली, हिम्मत रख म्हणाला आणि गायब झाला. मी मेसेज केले तर ठीक है, आराम कर, एवढंच उत्तर. मी काय तुमचं घोडं मारलं होतं?

बाबांनी तुला सगळं सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. माझा खालचा जबडा पुढे होता. पुढचे दात एकमेकांना टेकायचे नाहीत, साधा भुट्टा चावता यायचा नाही, रोज कानामागे ठणका. म्हणून तो दोन्ही बाजूंनी कापून मागे सरकवला आणि पट्ट्या-स्क्रूंनी बसवला. दीड वर्ष दातांना तारा होत्या त्या याचसाठी. आता वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेत. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे जपायचं. पण डॉक्टर सांगतात ते निराळं आणि भोगावं लागतं ते निराळं. तिसऱ्या दिवशी चेहरा इतका सुजला की आई दारातच थबकली. मग गालाचं निळं-पिवळं मानेपर्यंत उतरलं. नाक चोंदलेलं, तोंड बंद, त्यामुळे तीन उशा लावून बसूनच झोपायचं. जेवण म्हणजे सिरिंजला नळी लावून गालाच्या फटीतून सोडलेलं डाळीचं पाणी. खालचा ओठ बधिर आहे. डाळ हनुवटीवरून ओघळते आणि कुर्ता ओला झाला की मग मला कळतं. पाच किलो वजन गेलं. नवव्या दिवशी खाली ठेल्यावर कुणी गराडू तळत होतं, त्या मसाला भुरभुरलेल्या कंदाच्या कापांचा वास आला आणि मी हुंदके देऊन रडले. गराडूसाठी! डॉक्टर म्हणाले, उगाच रडू येणं हेसुद्धा यात धरलेलंच असतं.

पण तुमच्या न येण्याचं रडू उगाच नव्हतं. लोभ आहे की आटला, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
संबोधी

*

महू
दि. १९ जानेवारी २०२६

चि. संबोधीस,
मंगलकामना. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा बसून आणि तिसऱ्यांदा पंचशीलला समोर बसवून मोठ्याने.

कसलं ऑपरेशन, पोरी? तुझ्या बापाने तीन तारखेला मला फोन करून सांगितलं की पंचशीलच्या मोटरसायकलवरून तू पडलीस आणि तुझा जबडा मोडला. वर म्हणाला, ताई, पोराला फार बोलू नकोस, चूक होते. किती मोठं मन! मी फोनवर त्याची माफी मागितली. रडले. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी का आले नाही ते आता कळलं ना? कुठल्या तोंडाने येणार होते? माझ्या मुलाने तुझा चेहरा मोडला असं मी सोळा दिवस समजत होते. सोळा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मोटरसायकलची किल्ली काढून घेतली. त्याचं ताट झाकून ठेवायचे आणि आत जाऊन बसायचे.

आणि याहून वाईट सांगते. तो शाळेची व्हॅन चालवतो, चौदा लेकरं नेतो-आणतो. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी आपल्या पायाने मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. जिथे अठ्ठावीस वर्षं शिकवलं तिथे खोटं कसं लपवू? मी सांगितलं की माझ्या मुलाच्या हातून असं झालंय, चौदा लेकरांचा प्रश्न आहे, तुम्ही विचार करा. त्यांनी विचार केला आणि त्याच दिवशी व्हॅन काढून घेतली. पालकांत बातमी पसरली. तो रोज सकाळी सहाला उठतो, अंघोळ करतो आणि पायरीवर बसून राहतो.

आज तुझं पत्र आल्यावर त्याने तोंड उघडलं. मामांनी शब्द घेतला होता म्हणे, की आईलाही सांगायचं नाही, तिच्या पोटात खोटं टिकत नाही. याने मान डोलावली. ज्या मामाने बोटाला धरून गाडी शिकवली त्याला नाही कसं म्हणायचं?

मी लगेच बाईंकडे धावले. त्या नरमाईने म्हणाल्या, मॅडम, आधी एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय, तुम्ही आई आहात, मी समजू शकते. म्हणजे आता माझ्या खऱ्याला किंमत नाही.

तुला यातलं काही माहीत होतं का, एवढंच लिही. त्यावर लोभाचं ठरेल.

मंजुळाआत्या

*

स्नेहलतागंज, इंदूर
दि. २२ जानेवारी २०२६

आ. आत्यास,
स. जयभीम.

शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून दातओठ खावेसे वाटले, पण दात बांधलेले आणि ओठ बधिर. इतका राग आणि तो काढायला तोंड नाही, यासारखा छळ नाही.

बाबा ऑफिसातून आले तेव्हा मी वही घेऊन दारात उभी होते. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: दादाचं नाव का घेतलं? त्यांनी बूट काढले, पाणी प्याले, आणि मग सांगितलं की कॉलनीत कुणी विचारलं, बेटी को क्या हुआ, तर पटकन गिर गई निघालं. मग गाडी कोण चालवत होतं हे विचारलं, तर दादाचं नाव निघालं, कारण त्या दिवशी त्याच्याच मागे बसून जाताना लोकांनी मला पाहिलं होतं. मग ते निभवावं लागलं. हे सगळं माझ्यासाठीच, असं म्हणाले. मुलीने चेहरा कापून घेतला हे ऐकलं की लोक हजार तोंडांनी बोलतात, पडली म्हटलं की हळहळतात.

मी वहीत लिहिलं की मला कुणाची हळहळ नको, मला चावता यायला हवं होतं. ते वाचून म्हणाले, टेंशन मत ले, वेळ आली की सांगू. तेव्हा मी हातातली सिरिंज भिंतीवर मारली. सगळी डाळ भिंतीवर. आईने ती पुसायला घेतली आणि पुसता पुसता बाबांना म्हणाली की तीन आठवडे तुमच्यासाठी गप्प बसले, आता मंजुळाताईंचा फोन आला तर मी खरं सांगणार. माझ्या आईला असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

बाबा तुला लिहिणार आहेत. मला वाचायला दिलं नाही. माझ्यावरचा राग मात्र मागे घे, तो चुकीच्या पत्त्यावर गेलाय.

तुझी,
संबोधी

*

इंदूर
दि. २४ जानेवारी २०२६

आ. ताईस,
बुद्धरत्नचा स. जयभीम. वि. वि.

तुझ्या रागाला मी पात्र आहे, हे आधीच मान्य करतो. पण माझी बाजू ऐक.

दोन वर्षांपूर्वी संबोधीला पाहायला आलेले लोक आठव. पोहे खाऊन गेले आणि जिन्यात मुलाची काकी तिच्या हनुवटीवरून हसत म्हणाली की ठुड्डी आधी येते, मुलगी मागून. मी वरच्या पायरीवर उभा होतो, संबोधीला नव्हतं ऐकू आलं. मी ते कुणालाही सांगितलं नाही, तुलाही नाही. त्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावरून कुणी एक शब्द बोलायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ऑपरेशन कळलं असतं तर आधी खोट होती, कापून लपवली असं म्हणाले असते. मार्चमध्ये उज्जैनचं स्थळ येणार आहे. तोवर हा विषय झाकलेला बरा. मार्च झाला की मी स्वतः महूला येऊन शाळेत सगळं सांगतो. पंचशील समजूतदार आहे, दोन महिने निघून जातील. त्याच्या खर्चाची काळजी करू नकोस.

तू मोठी आहेस. आजवर सांभाळून घेतलंस, तसं हेही घे.

तुझा,
बुद्धरत्न

*

महू
दि. २८ जानेवारी २०२६

बुद्धरत्न,

त्या बाईची जीभ जळो. पण ती जिन्यात बोलली त्याची शिक्षा माझ्या मुलाने पायरीवर बसून का भोगायची? समजूतदार माणसाच्या डोक्यावरच सगळे ओझं ठेवतात, कारण तो खाली टाकत नाही. दर रविवारी विहारात बसून खोटं न बोलण्याचं शील घेतोस आणि बाहेर येऊन चपला घालेपर्यंत विसरतोस.

मार्च नाही. सोमवारी, दोन तारखेला, सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकावर ये. आला नाहीस तर मला ताई म्हणू नकोस. तिखट कमी लिहिलंय, उरलेलं समोर आलास की.

मंजुळा

*

स्नेहलतागंज, इंदूर
दि. १ फेब्रुवारी २०२६

आ. आत्यास,
स. जयभीम. वि. वि.

बाबांनी शुक्रवारीच सांगितलं की सोमवारी ऑफिसात इन्स्पेक्शन आहे. मला त्यांचं इन्स्पेक्शन माहीत आहे. म्हणून काल शनिवारी मीच महूला गेले. पालकसभा आहे हे दादाकडून काढून घेतलं होतं.

डॉक्टरांनी परवा रबरं थोडी सैल केली आहेत. दातांच्या फटीतून बोलता येतं, पण स आणि श नुसती शिट्टी होते आणि लाळ गळते. पन्नास पालकांसमोर उभी राहिले. पहिली दोन वाक्यं कुणालाच कळली नाहीत. मागून कुणी तरी हसलं. पहिलीतल्या तन्वीच्या आईने पुढे येऊन रुमाल दिला आणि म्हणाली, आराम से, दीदी. मग मी एक एक शब्द सुटा करून सांगितलं की मी पडले नाही, हे ऑपरेशन मी ठरवून केलं, दीड वर्ष तयारी करून केलं. दवाखान्याचा कागद दाखवला, एक्स-रे काचेला धरून स्क्रू दाखवले. दोन माणसं तर ते मोजायलाच लागली.

बाईंनी विचारलं की मग पंचशीलने नाकारलं का नाही. मी सांगितलं, माझ्या चेहऱ्याची लाज माझ्या वडिलांना वाटत होती, मला नाही, आणि त्यांची लाज झाकायला दादाने आपलं नाव दिलं. हे बोलताना मला फार वाईट वाटलं, आत्या. राग होता म्हणून बोलू शकले. उद्यापासून व्हॅन त्याला परत मिळाली आहे. उज्जैनवाल्यांना सगळं मीच कळवणार आहे, एक्स-रेसकट. बाबा कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. सध्या घरात तोंड त्यांचं बांधलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट. महूला येऊन मी तुझ्या घरी आले नाही. मुद्दाम आले नाही. दादा मला बसवर सोडायला आला होता. मी त्याला म्हटलं की आता सगळं ठीक झालं. तो म्हणाला, व्हॅन गेली होती, आली, त्याचं काय. त्याचं दुखणं दुसरंच आहे. तो म्हणाला की आईने मला एकदाही विचारलं नाही. मामांचा फोन ठेवला आणि सरळ किल्ली मागितली. एकदा जरी विचारलं असतं, पंचशील, काय झालं, तर मामांना दिलेला शब्द तिथल्या तिथे मोडला असता. तो सोळा दिवस तू विचारशील म्हणून वाट बघत होता.

तू बाबांवर रागावलीस, मीही रागावले, ते बरोबरच आहे. पण बाबा खोटं बोलले ते एका वाक्याचं. बाकीचं तू पुरं केलंस. हे मी तुझ्या शिकवणीप्रमाणे स्पष्ट लिहिते आहे. लाल शाई लावायची असेल तर लाव. लोभ कमी झाला तरी चालेल, पण हे वाच.

तुझीच,
संबोधी

*

महू
दि. ९ फेब्रुवारी २०२६

चि. पंचशील,

एका घरात राहून पत्र लिहिते आहे, हसू नकोस. पाच दिवस तुझ्यासमोर बसून बोलायचा प्रयत्न केला आणि दर वेळी भाजी वाढून उठले. म्हणून हे तुझ्या डब्याबरोबर ठेवते. लेकरांना सोडून झालं की वाच, गाडी चालवताना नको.

अठ्ठावीस वर्षं शाळेत होते. दोन पोरं भांडत आली तर दोघांना विचारल्याशिवाय मी कुणाला कोपऱ्यात उभं केलं नाही. माझी त्याबद्दल ख्याती होती. तुझ्या वेळी मी विचारलंच नाही. बुद्धरत्न म्हणाला आणि मी मानलं. मी खरं बोलणारी बाई आहे, या तोऱ्यात थेट शाळा गाठली. माझ्या मुलाला विचारायला तेवढी थांबले नाही. बुद्धरत्नवर मी अजून चिडलेली आहे आणि चिडलेलीच राहीन. पण गेले पाच दिवस कळतंय की त्याच्यावर आरडाओरडा करणं मला सोयीचं होतं.

आज संध्याकाळी ताट झाकून ठेवणार नाही. दोघं बरोबर बसू. मी तुला विचारणार आहे की पंचशील, त्या दिवशी काय झालं होतं. मला सगळं माहीत आहे, तरी विचारणार. तू सांग. दवाखान्यात तिला सोडलंस तिथपासून, काही न गाळता. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई