मंजुरी : रम्या

बेंगळुरू,
२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप रघुजीमामांच्या पायाशी, भाग्याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी फोन केला की तुम्ही तो मामीच्या हातात देता आणि मामी तुमच्या वतीनं मला झापते, त्यापेक्षा पत्रच बरं. गळ्याच्या ऑपरेशननं तुमचा आवाज नेला, पण अक्षर तेवढंच खणखणीत आहे.

आता कामाचं. आमच्या चिकपेटच्या साड्यांच्या शोरूमला नवा स्टोअर मॅनेजर नेमायचं वरच्यांनी शेवटी मनावर घेतलं. रम्याअक्का जूनमध्ये गेली तेव्हापासून ती जागा रिकामी आहे आणि तिची असिस्टंट म्हणून सगळं मीच ओढतेय. दुकानातल्या तिच्या शेवटच्या दिवशी ती तापानं फणफणली होती, तरी बिलिंगवरून हलेना. मीच तिला जबरदस्तीनं रिक्षात बसवलं. नाळे बरतीनी, उद्या येते, एवढं म्हणाली आणि डेंग्यूनं आठवड्यात संपली. दुकानात घालायच्या तिच्या चपला अजून कॅश काउंटरखाली आहेत. झाडणारी बाई त्या उचलते, खालचं झाडते आणि परत तिथंच ठेवते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही.

मुलाखतीला माझ्यासोबत आमच्या होसकोटेच्या गोडाऊनचा योगीराज आहे. त्याला घेतलं तर अदलाबदल, म्हणजे तो इथं आणि मी गोडाऊनला, गठ्ठ्यांच्या राखणीला. मामा, मला गिऱ्हाईक लागतं. दिवसभर माणसाचं तोंड दिसलं नाही तर मला वेड लागेल. ही जागा मला हवी आहे, अगदी मनापासून हवी आहे.

अशा मुलाखतींचे ठरलेले प्रश्न नेटवर मिळतात. तुम्ही निपाणीच्या कापड दुकानात गादीवर बसून जन्मभर माणसं पारखलीत, तेव्हा माझी परीक्षा तुम्हीच घ्या. ती यादी आणि माझी तीन उत्तरं सोबत आहेत. चिडलेल्या ग्राहकाला कसं सांभाळलं, हाताखालच्या लोकांतलं भांडण कसं मिटवलं आणि विक्री घसरली तेव्हा काय केलं. पेनातली शाई संपेपर्यंत चुका काढा.

मामीला नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्या, वरून रागावलात तरी चालेल.

तुमची,
भाग्या


निपाणी,
९ सप्टेंबर २०२४

चि. भाग्यास, रघुजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. मी आता फार गुणी माणूस झालोय, कुणाला उलट बोलत नाही. माझ्या वतीनं तुझी मामी बोलते. परवा डॉक्टरांना तिनं सांगितलं की यांना आता तिखट नकोसं झालंय. मला तसं कधीच झालेलं नाही. पण घरी येईपर्यंत माझी मलाच शंका यायला लागली.

तुझी उत्तरं दोनदा वाचली. चिडलेल्या बाईला रम्यानं खुर्ची दिली आणि आधी पाणी आणवलं. पोरींचं भांडण रम्यानं दोघींना एकाच काउंटरला उभं करून मिटवलं. विक्री घसरली तेव्हा रम्यानं दारातले भारी काठपदर आत नेले आणि रोजच्या वापरातल्या साड्या पुढं मांडल्या. सगळं झकास आहे. फक्त तू कुठं होतीस ते कळलं नाही. मुलाखतीला तू जाणार आहेस की ती?

शिवाय त्या यादीतला पहिलाच प्रश्न तू गाळलास. स्वतःबद्दल सांगा, हा. सोपा म्हणून सोडलास की अवघड म्हणून, ते कळव. मी दुकानात माणूस घेताना एवढे प्रश्न विचारत नव्हतो. साडी उलगडायची आणि पुन्हा घडी घालायची, झाली मुलाखत. पण तुमच्याकडे बोलावं लागतं, तर नीट बोल. उत्तरं नव्यानं लिहून धाड.

जेवत जा. पत्राची वाट बघणं हा सध्या माझा एकच उद्योग आहे, तो बंद पाडू नको.

तुझा,
मामा


बेंगळुरू,
१६ सप्टेंबर २०२४

ती. मामांच्या पायाशी, भाग्याचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. उत्तरांत रम्याच्या जागी मी घालून बघितलं. मामा, ती कामं खरंच मी केली आहेत, ती गेल्यानंतर. पण लिहिताना हात तिच्याच नावाकडं जातो. आता शनिवारी जे झालं ते सांगते. मामीला वाचून दाखवू नका, म्हणजे बघू देऊ नका.

एक बाई साडी बदलायला आली. मला रम्या मॅडमच हव्यात म्हणाली, मागच्या महिन्यात त्यांनीच दुसरी एक बदलून दिली होती. तिनं ते जुनं बिल पुढं केलं. बिल ऑगस्टचं, आणि खाली छापलेलं, मंजुरी, रम्या. कॅशवरची नयना पांढरीफटक पडली. ती बाई कौतुकानं सांगत होती की मॅडमनी तिला निळी घेऊ दिली नाही, पहिल्या धुण्यात रंग सोडेल असं सांगितलं. ते अक्काचं वाक्य, शब्दन् शब्द. पोरी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मी आतून बाहेर आले आणि बाईनं हसून माझ्याकडं बोट केलं, की याच त्या.

सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या. त्या कशा बघत होत्या ते डोळ्यांपुढून जात नाही.

त्याचं कारण साधं आहे. साडी बदलून द्यायची तर मशीनमध्ये मॅनेजरचा नंबर घालावा लागतो. ताप आल्यावर अक्कानं तिचा नंबर मला सांगून ठेवला होता. ती गेल्यावर मी आमच्या एरिया मॅनेजरना, नागराज सरांना विचारलं, तर ते म्हणाले, नवीन माणूस येईपर्यंत स्वल्प अॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या. तेव्हापासून मी तोच नंबर घालते आणि प्रत्येक बिलावर तिचं नाव उमटतं. त्या बाईनं बिल वाचून तुम्हीच रम्या का म्हणून विचारलं असणार, आणि मागं रांग होती म्हणून मी हो म्हटलं असणार. मला आठवतसुद्धा नाही. आता लक्षात येतंय की बरीच गिऱ्हाइकं मला त्याच नावानं हाक मारतात आणि मी ओ देते.

भूतबित असतं तर मारुतीला तेल वाहिलं असतं. इथं कुणाला वाहू? पहिला प्रश्न मी का गाळला तेही सांगते. आरशासमोर उभी राहून सराव करत होते. स्वतःबद्दल सांगा, असं मीच मला विचारलं, आणि तोंडातून आलं, मी रम्या. त्यानंतर आरशाकडं बघायचं धाडस झालेलं नाही.

घाबरलेय मामा. लवकर लिहा, आणि लोभ असू द्या, सध्या त्याच्याच आधारावर आहे.

भाग्या


निपाणी,
२१ सप्टेंबर २०२४

चि. भाग्यास, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद.

घाबरू नको. आधी माझी गंमत ऐक. शेजारच्या जयसिंगरावाशी मी बांधाच्या भांडणापासून बोलत नव्हतो. आवाज होता तेव्हाही नव्हतो. मामीनं त्याला परस्पर सांगून टाकलं की यांनी तुम्हाला माफ केलंय. तो पेढे घेऊन दारात. मी हात वर केला, पाटी मागवली आणि लिहिलं की मी अजून रागावलेलो आहे. मामीचं तोंड बघण्यासारखं झालं. पेढा मी खाल्ला, पण राग माझा आहे आणि तो कधी सोडायचा ते मी ठरवणार.

मी जिवंत आहे म्हणून पाटीवर लिहून खोडू तरी शकतो. रम्याला ते जमायचं नाही. तू रोज तिच्या नावानं हो म्हणतेस. त्यातलं एखादं चुकलं तर बट्टा तिच्या नावाला लागेल, आणि ती बिचारी सांगायला येणार नाही की हे मी केलेलं नाही. तू तिला जपतेयस असं तुला वाटतं. पोरी, तू तिला सुटी देत नाहीयेस. मेल्यावरही तिला ड्यूटीवर उभी केली आहेस.

मुलाखतीत हे सांगून टाक. विचारलं तरी सांग, नाही विचारलं तरी सांग. नोकरी जाईल ही भीती मलाही आहे, खोटं कशाला लिहू. तुला ती जागा किती हवी आहे ते मला ठाऊक आहे. पण त्या खुर्चीवर दुसरीच्या नावानं बसलीस तर आरसा कायमचा झाकून ठेवावा लागेल.

आणि एक. भाग्यलक्ष्मी हे नाव बारशाला आत्यानं ठेवलं, पण सुचवलं मी. एवढं भरघोस नाव तू कापून भाग्या केलंस. रोज सकाळी ते अख्खं, मोठ्यानं म्हणत जा. मला म्हणता येत नाही, तेव्हा माझ्या वाटचंही तूच म्हण.

मामीला काही सांगितलेलं नाही, तशी सोय आता आहेच. जीव लावून आहे, तूही लाव.

मामा


बेंगळुरू,
५ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना सप्रेम नमस्कार.

मुलाखत झाली. हेड ऑफिसच्या एक बाई होत्या आणि शेजारी नागराज सर. पहिलाच प्रश्न तो आला. मी तोंड उघडलं आणि जिभेवर र आला. थांबले. पाणी मागितलं. घोट घेतला आणि सांगितलं की मी भाग्यलक्ष्मी, निपाणीची, जूनपासून हे दुकान मी चालवतेय आणि जूनपासून प्रत्येक मंजुरी मी गेलेल्या बाईच्या नंबरानं देतेय.

नागराज सर टेबलाकडं बघत राहिले. बाईंनी विचारलं की हे कुणाच्या परवानगीनं. मी म्हटलं, विचारलं होतं, सांभाळून घ्या असं उत्तर मिळालं, पण बटण दाबणारं बोट माझं होतं. त्यांनी लिहून घेतलं. पुढचे प्रश्न तुम्ही घोटून घेतलेलेच आले. चिडलेल्या ग्राहकाचं विचारलं तेव्हा सांगितलं की आधी खुर्ची आणि पाणी द्यायचं हे मला रम्यानं शिकवलं आणि गोंधळलेल्या त्या शनिवारच्या बाईलाही मी तसंच बसवलं. ते उत्तर पहिल्यांदा खरं वाटलं.

बाहेर आल्यावर नागराज सर म्हणाले की एवढं सांगायची काही गरज नव्हती, आता आहे ती नोकरी टिकते का बघा. ते रागावले नव्हते, घाबरले होते. मीही घाबरले आहे. पण घरी येऊन आरशात बघितलं.

भाग्या


बेंगळुरू,
२६ ऑक्टोबर २०२४

ती. मामांच्या आणि मामीच्या पायाशी नमस्कार.

लेखी ताकीद मिळाली आणि जागाही मिळाली. दोन्ही पत्रं एकाच पाकिटातून आली, त्यामुळं आधी रडू की हसू ते कळेना. योगीराज होसकोटेलाच राहिला. त्यानं फोन करून अभिनंदन केलं आणि गोडाऊन किती शांत आहे ते सांगितलं. नागराज सरांनाही ताकीद आहे. ते माझ्याशी जेमतेम बोलतात.

सोमवारी कॉम्प्युटरवाला माणूस आला. त्यानं माझा नंबर बनवला आणि अक्काचा बंद केला. त्याला ते दोन मिनिटांचं काम. पहिलं बदलीचं बिल निघालं, खाली माझं अख्खं नाव, कागदात जेमतेम मावलेलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. नयनानं पेढे वाटले. चपला मी शिवाजीनगरला अक्काच्या आईकडं नेऊन दिल्या. झाडणारी बाई काउंटरखालची ती जागा अजून वळसा घालून झाडते.

सगळं पार पडलं असं मला वाटलं होतं. मग काल दिवाळीची गर्दी, दारापर्यंत रांग, आणि एक बाई निळी साडी बदलायला आली. मी बोलता बोलता मशीनवर बोटं चालवली. बोटांनी आपसूक अक्काचा नंबर घातला. मशीनवर आलं, अशी कोणी व्यक्ती नाही.

मामा, तिला खांदा देताना मी होते. दहाव्याला होते. तिच्या आईच्या गळ्यात पडून रडले. पण ती गेली हे मला काल कळलं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, काउंटरला धरून उभी राहिले. नयनानं पाठीवर हात ठेवला.

मागं रांग होती. मी डोळे पुसले आणि माझा नंबर घातला. बाईनं बिल हातात घेऊन नाव वाचलं आणि विचारलं की भाग्यलक्ष्मी मॅडम तुम्हीच का. मी हो म्हटलं.

दिवाळीला येता येणार नाही, दुकान सोडवत नाही. तुम्हा दोघांचा जीव माझ्यावर आहे तसाच राहो.

आपली,
भाग्यलक्ष्मी