ड्रायव्हर जुना झालाय

रा. रा. जावईबापू यांस सासऱ्याचे भरपूर आशीर्वाद. (देण्यासारखं हल्ली एवढंच माझ्या ताब्यात उरलंय.)

तुमची तब्येत ठणठणीत असणारच. दुसऱ्याच्या गाडीची किल्ली आपल्या कपाटात असली की माणसाला झोप छान लागते म्हणे. इकडे हिचे गुडघे होते तसेच आहेत. पूर्वी व्यायामाच्या दवाखान्यात मी तिला सोडायचो. आता ती भाड्याच्या गाडीने जाते आणि घरी आल्यावर त्या ड्रायव्हरचं कौतुक करत बसते. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असता आणि ती टकटक मला ऐकू येते. कान अजून शाबूत आहेत.

फाटकाच्या खांबाला गाडी घासली हे मी नाकारत नाही. (घासली. तुम्ही लेकीला ‘ठोकली’ असं सांगितलंत.) उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवली, घाटात चालवली, धुक्यात चालवली, मागे झोपलेल्या माणसांची झोप मोडू दिली नाही, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून माझ्या गाडीची किल्ली खिशात घातलीत. वर अट घातलीत ती अशी: तुमचा जुना कॉम्प्युटर पाठवता, त्यात गाडी चालवायचा गेम आहे, शहरातून एक अख्खी फेरी कुठेही न धडकता मारून दाखवायची, मग किल्ली परत. लेकीनेही मान डोलावली. बापाची परीक्षा आणि पेपर काढणारा जावई, असा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. मला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ.

पण तुम्ही पाठवलेलं ते धूड सुरू होईपर्यंत माझी दाढी आटोपते. गेम उघडला की पुढची तऱ्हा. मी स्टिअरिंग डावीकडे वळवतो, गाडी साहेबांची परवानगी आणायला गेल्यासारखी थबकते, आणि वळण संपल्यावर डावीकडे वळते. तोवर मी एका दुकानात शिरलेलो असतो. ब्रेक दाबला तर चित्र थांबतं, गाडी थांबत नाही. हिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायकोने असं म्हटल्यावर माणसाने काय करायचं? मी ठरवलं, अंगण खरोखरच वाकडं आहे हे दाखवून द्यायचं.

तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही उंटावरून शेळ्या हाकल्यात, की सेटिंग कमी करा. केली. आधी सावल्या बंद केल्या, मग झाडांची पानं, मग झाडं. आभाळातले ढगही काढले. तरी गाडी अडखळतेच, म्हणून रस्त्यावरची माणसं बंद केली. (गेममध्ये तशी सोय आहे. घरातही असती तर तुम्ही माझ्यावर केव्हाच वापरली असती.) शेवटी ते शहर इतकं ओसाड झालं की कोणासाठी सिग्नलला थांबायचं हेच कळेना, आणि त्या ओसाड शहरात उरलेला एकुलता एक दिव्याचा खांब मी नेमका गाठला. मग मागे काय काय चालू आहे ते पाहिलं. तुम्ही कधीच सोडलेल्या त्या कंपनीचा हजेरीचा प्रोग्रॅम अजून तुमची हजेरी लावायची धडपड करतोय. तो बंद केला. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत धुळीची गादी आणि तिच्यात तुमच्या मांजराचे केस. तेही साफ केले. मला शिंका लागल्या, गाडीला वेग आला नाही.

मग कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या बाईंना घरी बोलावलं. बाई माणसाकडे बघून बोलत नाहीत. खटाखट बटणं दाबली आणि म्हणाल्या, “काका, ड्रायव्हर जुना झालाय. त्याच्यामुळेच सगळं अडतंय.” मी ताडकन उठलो आणि विचारलं, तुम्हाला माझ्या जावयाने पढवून पाठवलंय का? त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, यात एवढं काय, जुना काढायचा, नवा घालायचा, सगळीकडे असंच करतात. हिने आतून विचारलं, काढलेल्याचं पुढे काय करतात? बाई म्हणाल्या, काही नाही, पुसून टाकतात. (पडद्यावरचं चित्र ज्या प्रोग्रॅमच्या जिवावर हलतं त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे मला नंतर समजलं. नाव ठेवणाऱ्याला माझाच धंदा सापडावा?) गंमत म्हणजे नवा ड्रायव्हर घालायला गेलो तर तो म्हणाला, एवढ्या जुन्या मशीनवर मी काम करणार नाही. आमच्या डेपोतही नवी पोरं हेच म्हणायची, आणि ती खटारी मग माझ्याच गळ्यात पडायची. मी ती चालवलीही.

तेव्हा निकाल उघड आहे. दोष यंत्राचा आहे, नापास त्याला करा. लेक येईल तेव्हा तिच्या हाती किल्ली पाठवून द्यावी. तिला आमचे लाड, मांजराला काही नाही.

तुमचा (तुमच्या मते मंदावलेला) सासरा

ता. क. हिने पत्र वाचलं. जावयाला असं लिहितात का, म्हणाली. मी म्हटलं, हे सौम्य करूनच लिहिलंय.

ता. क. दुसरा. हा तिला न दाखवता लिहितोय. बाईंच्या दुकानात नवंकोरं मशीन आलंय. काल त्यांनी मला त्यावर बसवलं. सावल्या, पानं, माणसं, सगळं चालू होतं आणि गाडी लोण्यासारखी जात होती, मी वळवली की त्याच क्षणी वळायची. एका चौकात डावीकडून एक बाई पोरीला हाताशी धरून रस्त्यात उतरली. दुकानातल्या बाई ओरडल्या. मला त्या दोघी दिसल्याच नाहीत. चित्र मुळीच अडकलं नव्हतं. परत खेळलो, त्या कुठून येणार हे ठाऊक असून खेळलो, तरी उशीर झाला. बाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. पाणी देऊ का, म्हणाल्या.

ता. क. तिसरा. पाकीट जड लागलं असेल. प्रत्येक गाडीला दोन किल्ल्या मिळतात हे तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या लक्षात आलं नाही. दुसरी इतके दिवस माझ्याच खणात होती. परीक्षा पास झाल्याशिवाय लावायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून नुसता गाडीत जाऊन बसायचो. ती यात घातली आहे, पहिलीच्या शेजारी ठेवा. हिच्या गुडघ्यांसाठी तो भाड्याचा ड्रायव्हर महिन्यावर ठरवून टाका, माणूस चांगला आहे. लेकीला मात्र एवढंच सांगा, की कॉम्प्युटर फार जुना होता.